"पितो, पण जेवतो व्यवस्थित": दारू, लिव्हर आणि आतड्यातले जंतू



काही महिन्यांपूर्वी ओपीडीत दोघे भाऊ आले. धाकटा पेशंट, वय बेचाळीस. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी झाल्यामुळे शर्टाची खालची बटणं लागत नव्हती, हातापायांच्या मात्र काड्या झालेल्या. सोबत त्याची बायको. थोरला भाऊ धडधाकट, आणि बोलत तोच होता. "डॉक्टर, खोटं कशाला बोलू, मीपण घेतो. ह्याच्यापेक्षा जास्तच घेतो. पण मी आधी व्यवस्थित जेवतो. हा नुसता पीत बसतो, चकण्यावर भागवतो. म्हणून ह्याचं लिव्हर गेलं."

बायको इतका वेळ गप्प होती. ती एवढंच म्हणाली, "दादा इतकी वर्षं घेतात, त्यांना काही झालं नाही. मग ह्यांनाच का?"

अशी वाक्यं मी गेली पंचवीस-तीस वर्षं ऐकतो आहे. तुमच्याही घरात किंवा शेजारी कोणी ना कोणी ती बोललं असेल. पहिलं वाक्य म्हणजे नीट खाल्लं तर दारू बाधत नाही, आणि दुसरं म्हणजे तेवढीच दारू पिऊन एकाचं लिव्हर जातं आणि दुसऱ्याचं शाबूत राहतं, असं का? गंमत अशी, की नेमक्या याच दोन मुद्द्यांवर जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ अनेक दशकं भांडले. उंदीर, माकडं आणि नंतर जंतुविरहित पिंजऱ्यात वाढवलेले प्राणी वापरून त्यांनी उत्तरं शोधली. त्यातून पुढे आलेला एक मोठा आरोपी दारूच्या बाटलीत नव्हताच, तो आपल्या आतड्यात बसला होता. आज ती हकीकत सांगतो.

दारू आणि लिव्हरचा संबंध जुन्या डॉक्टरांना ठाऊक होता. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७९३ साली शवविच्छेदनावरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं, की गाठी गाठी झालेलं कडक लिव्हर बहुतेक भरपूर दारू पिणाऱ्यांत सापडतं. स्टेथोस्कोप शोधणारे फ्रान्सचे लेनेक यांनी १८१९ साली या लिव्हरला 'सिरोसिस' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पिवळट-तपकिरी रंग. म्हणजे नाव रंगावरून पडलं, कारणावरून नाही.

कारण सिद्ध करायचं तर प्राण्यांना दारू पाजून त्यांना सिरोसिस होतो हे दाखवायला हवं. आणि तिथेच गाडी अडली. उंदरांना दारूची चव आवडत नाही. पाण्यात मिसळून दिली तर ते पाणीच कमी पितात. जी थोडी पोटात जाते ती त्यांचं लिव्हर माणसापेक्षा खूप वेगाने जाळून टाकतं. वर्षानुवर्षं प्रयोग झाले, पण सिरोसिस काही होईना. मग हळूहळू उलटा विचार सुरू झाला: दारू लिव्हरला विषारी नसेलच, तर?

या विचाराला सर्वांत मोठं बळ दिलं ते कॅनडाच्या चार्ल्स बेस्ट यांनी. होय, तेच बेस्ट, ज्यांनी बँटिंग यांच्यासोबत इन्सुलिन शोधलं. १९४९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या एका गटाला पाण्यातून दारू दिली आणि दुसऱ्या गटाला तेवढ्याच कॅलरीची साखर दिली. दोन्ही गटांच्या लिव्हरमध्ये चरबी साठली. मग आहारात कोलीन नावाचा पोषक घटक वाढवला, तर चरबी साठेना. (कोलीन अंडी, सोयाबीन, मांस यांत भरपूर असतं.) बेस्ट यांनी निष्कर्ष काढला, की दारूचा लिव्हरवर साखरेपेक्षा वेगळा असा काही विषारी परिणाम दिसत नाही. दारूड्याचं लिव्हर बिघडतं ते त्याचा आहार बिघडल्यामुळे.

वरवर पाहता हे पटण्यासारखंच होतं. एक ग्रॅम अल्कोहोलमधून सुमारे ७ कॅलरी मिळतात. रोज भरपूर पिणाऱ्याची भूक त्यातच मरते, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं पोटात जात नाहीत. असा माणूस कुपोषित असतो हे मी रोज पाहतो. पण कुपोषण हेच एकमेव कारण, ही पुढची उडी होती. इन्सुलिनच्या शोधात ज्यांचा हात, त्यांच्याशी वाद कोण घालणार? पुढची बरीच वर्षं हेच मत चाललं. थोरल्या भावाचं "मी आधी व्यवस्थित जेवतो" हे बोलणं म्हणजे १९४९ चं शास्त्र आहे. ते पाठ्यपुस्तकांतून गेलं, पण बारच्या टेबलावरून काही गेलं नाही.

आता इथे थोडं थांबून शरीरातला एक रस्ता समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोट आणि आतड्यांतून निघणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये येतं. पूर्वी आपल्या शहरांच्या वेशीवर जकात नाके असत, तसा हा नाका आहे. आतड्यातून जे जे शरीरात येईल, अन्न, औषध, दारू, विष, ते आधी इथे तपासलं जातं. या नाक्यावर पहारेकरी आहेत, त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. एखादा जंतू किंवा जंतूचा तुकडा आला की तो गिळायचा हे त्यांचं काम.

आणि आतड्यात जंतू किती? कोट्यवधी कोटी. त्यातल्या बऱ्याच जातींच्या बाहेरच्या आवरणात एक पदार्थ असतो, एंडोटॉक्सिन. याचा शोध कॉलऱ्यामुळे लागला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांना १८९२ च्या सुमारास दिसलं, की कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारून टाकले आणि ते मेलेले जंतू गिनीपिगना टोचले, तरी प्राणी मरतात. म्हणजे विष जंतूच्या अंगातच असतं, जंतू मेला तरी ते उरतं. निरोगी माणसाच्या आतड्यात हे एंडोटॉक्सिन ढिगाने असतं आणि काही त्रास देत नाही, कारण आतड्याची भिंत ते आत येऊ देत नाही. जे थोडं झिरपतं ते पहारेकरी गिळून टाकतात.

आता पुन्हा उंदरांकडे. बेस्ट यांचा सिद्धांत जोरात असतानाच बॉस्टनमध्ये काही जण वेगळंच करून बघत होते. कोलीन नसलेला आहार दिला की उंदरांना काही महिन्यांत सिरोसिस होतो, हे तोवर माहीत झालं होतं. १९५७ मध्ये त्यांनी दाखवलं, की अशा उंदरांना आतड्यातले जंतू मारणारी अँटिबायोटिक्स दिली तर सिरोसिस टळतो किंवा लांबतो. आहार तोच, निकृष्टच, फक्त जंतू कमी झाले. १९६४ मध्ये ब्रॉइटमन, गॉटलिब आणि झॅमचेक यांनी आणखी एक पाऊल टाकलं. निओमायसिन देऊन वाचवलेल्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात त्यांनी शुद्ध एंडोटॉक्सिन मिसळलं. निओमायसिनचं संरक्षण गेलं, सिरोसिस परत आला.

मला हा प्रयोग फार आवडतो. जंतू काढले, आजार गेला. जंतूंचं विष परत घातलं, आजार परत आला. गुन्ह्याचा तपास याहून सरळ कसा असणार? पण तेव्हा याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. एकतर या उंदरांना दारू दिलेली नव्हती, त्यामुळे दारूच्या आजाराशी याचा संबंध कोणी जोडला नाही. दुसरं म्हणजे वाद आधीच दोन पक्षांत वाटला गेला होता, दारू की कुपोषण. अशा भांडणात तिसऱ्याचं बोलणं ऐकून घेतलं जात नाही, मग ते गावच्या पंचायतीत असो की वैद्यकीय परिषदेत.

खरं तर लिव्हरचे डॉक्टर याच काळात रोज आतड्यातल्या जंतूंशी झगडत होते. सिरोसिसचा पेशंट कधी कधी बरळायला लागतो, माणसं ओळखत नाही, बेशुद्ध होतो. आतड्यातले जंतू प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात, खराब लिव्हर तो गाळू शकत नाही आणि मग तो मेंदूपर्यंत पोहोचतो. लंडनच्या शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात यावर महत्त्वाचं काम केलं, आणि त्यावर निओमायसिन देणं तेव्हाच सुरू झालं. मी एमडी करत असताना वॉर्डात अशा पेशंटना निओमायसिन आणि लॅक्ट्युलोज लिहून देण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या. आतड्यातले जंतू सिरोसिसच्या पेशंटचा मेंदू बिघडवतात हे मी घडाघडा सांगू शकत होतो. पण तेच जंतू आधी लिव्हर बिघडवण्यातही सामील असतील, हा प्रश्न मला त्या वेळी एकदाही पडला नाही. कोणी विचारलाही नाही.

दारू की कुपोषण या वादाचा निकाल लावला तो चार्ल्स लीबर यांनी. जन्म बेल्जियममधला, काम अमेरिकेत. उंदीर दारू पीत नाहीत ना, मग त्यांना पर्यायच ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी आणि लिओनोर डीकार्ली यांनी १९६० च्या दशकात एक पातळ आहार तयार केला. अन्न, पाणी, जीवनसत्त्वं, प्रथिनं सगळं त्यातच, आणि ३६ टक्के कॅलरी दारूच्या. भूक लागली की हेच प्यायचं. उंदरांचा आहार उत्तम होता, कोलीन पुरेसं होतं, तरी लिव्हर चरबीने भरलं. मग स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांवरही त्यांनी हे तपासलं. चांगल्या आहारासोबत दारू दिली, तरी लिव्हरमध्ये चरबी साठली. आणि १९७४ साली रुबिन आणि लीबर यांचा तो गाजलेला लेख आला: बबून जातीच्या माकडांना पोषक आहार आणि त्यासोबत निम्म्या कॅलरी दारूच्या रूपात, काही माकडांना चार वर्षांपर्यंत. चरबी, मग लिव्हरला सूज, आणि शेवटी सिरोसिसही.

म्हणजे थोरल्या भावाच्या बोलण्याचं उत्तर १९७४ सालीच मिळालेलं आहे. नीट जेवलं म्हणून लिव्हर वाचत नाही. जेवणानंतर घेतल्याने दारू रक्तात हळू चढते एवढं खरं, पण लिव्हरला शेवटी तेवढीच दारू निस्तरावी लागते.

पण लीबर यांच्या याच प्रयोगात दुसरा प्रश्न दडलेला होता. चरबी सगळ्या माकडांच्या लिव्हरमध्ये साठली. सिरोसिस मात्र मोजक्यांनाच झाला. पिंजरे सारखे, आहार सारखा, दारूही सारखीच. माणसांतही असंच दिसतं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना फॅटी लिव्हर होतं, पण सिरोसिस साधारण १० ते २० टक्क्यांनाच होतो. बाईचं शरीर असेल तर धोका जास्त, वजन जास्त असेल तर जास्त, हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर खूपच जास्त, काही जनुकांमुळेही जास्त. हे सगळं मिळवूनही हिशेब पुरता जुळत नाही.

इथे १९८० च्या दशकात आतडं पुन्हा चर्चेत आलं. १९८४ मध्ये लंडनच्या ब्यार्नासन आणि सहकाऱ्यांनी दारूचं व्यसन असलेल्या माणसांना एक असा पदार्थ प्यायला दिला, जो निरोगी आतडं फारसा शोषत नाही. मग लघवीत तो किती उतरतो ते मोजलं. व्यसनी माणसांच्या लघवीत तो कितीतरी जास्त सापडला. म्हणजे आतड्याच्या भिंतीतले सांधे सैल झाले होते. तीन वर्षांनी जर्मनीत बोडे यांच्या गटाने रक्तात एंडोटॉक्सिन शोधलं. ते दारूमुळे सिरोसिस झालेल्यांत सापडलं, आणि लिव्हर अजून बिघडलेलं नसताना एका वेळी भरमसाट दारू प्यायलेल्यांतही सापडलं.

यापुढचं चित्र तुम्हीच पूर्ण करू शकाल. दारू आतड्याची भिंत सैल करते, शिवाय तिथे कोणते जंतू वाढतील तेही बदलते. जंतूंचं विष झिरपून जकात नाक्यावर येतं. कुप्फर पेशी ते ओळखून धोक्याची घंटा वाजवतात, सूज आणणारी रसायनं सोडतात. एकदा-दोनदा ठीक आहे, पण ही घंटा रोज रात्री वाजत राहिली तर त्या सुजेतच लिव्हरच्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी व्रणासारखे घट्ट धागे तयार होतात. तोच सिरोसिस.

चित्र पटण्यासारखं असलं तरी पुरावा लागतो. तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या रोनाल्ड थर्मन यांच्या प्रयोगशाळेने दिला. उंदरांच्या जठरात नळी घालून सतत दारू सोडली जात होती. १९९४ मध्ये त्यांनी एका औषधाने कुप्फर पेशी निकामी केल्या, तर लिव्हरची इजा टळली. १९९५ मध्ये कुप्फर पेशींना हात न लावता फक्त आतड्यातले जंतू अँटिबायोटिक्सनी मारले. दारू चालूच, तरी लिव्हर बचावलं. पुढे एंडोटॉक्सिन ओळखणारा पेशींवरचा 'अँटेना' सापडला. टीएलआर-४ हे त्याचं नाव, आणि तो शोधणारे ब्रूस बॉयटलर यांना २०११ साली नोबेल मिळालं. ज्या उंदरांत हा अँटेनाच जन्मतः बिघडलेला आहे त्यांना थर्मन यांच्या गटाने दारू दिली, तेव्हा त्यांच्या लिव्हरची इजा खूपच कमी झाली. १९६४ मधल्या बॉस्टनच्या प्रयोगाला दाद मिळायला अशी तीसेक वर्षं गेली.

मग जंतू पूर्ण काढूनच टाकले तर? हा प्रश्न मला पेशंटही विचारतात, "पोट एकदा साफ करून टाका, डॉक्टर." लुई पाश्चर यांना वाटायचं, की जंतूंशिवाय प्राणी जगूच शकणार नाही. १८९५ मध्ये बर्लिनला नटाल आणि थियरफेल्डर यांनी गिनीपिगचं पिल्लू पूर्ण जंतुविरहित काही दिवस वाढवून दाखवलं. आज असे उंदीर पिढ्यानपिढ्या वाढवतात. अशा जंतुविरहित उंदरांना एकदम खूप दारू पाजली, तर २०१४ च्या ब्राझीलमधल्या प्रयोगात त्यांची सूज कमी निघाली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाला नेमकं उलटं दिसलं: जंतू नसलेल्या उंदरांचं लिव्हर जास्त बिघडलं! म्हणजे सगळेच जंतू आरोपी नाहीत, काही पहारेकऱ्यांच्याच बाजूचे आहेत. कोण कुठल्या बाजूला, हे अजून पुरतं सुटलेलं नाही. पण पोट "साफ" करून घेण्याच्या मागे लागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

इथे एक मजेशीर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. गाय, ससा, उंदीर हे काही बारमध्ये जात नाहीत. मग त्यांच्या लिव्हरमध्ये दारू जाळणारं एन्झाइम इतकं का असतं? हा प्रश्न हान्स क्रेब्स यांना पडला होता. पेशीतल्या ऊर्जाचक्राला ज्यांचं नाव आहे, बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना आठवेल, तेच क्रेब्स. १९७० साली त्यांनी आणि पर्किन्स यांनी दारू न दिलेल्या उंदरांची आतडी आणि आतड्यातून लिव्हरकडे जाणारं रक्त तपासलं. दोन्हींत थोडं अल्कोहोल सापडलं. आतड्यातले जंतू साखर आंबवून ते बनवत होते. म्हणजे हे एन्झाइम मुळात माणसाच्या शौकासाठी नसून जंतूंची ही रोजची घरगुती हातभट्टी निस्तरण्यासाठी आहे! पुढे २०१९ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी क्लेब्सिएला जातीचे भरपूर अल्कोहोल बनवणारे जंतू दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरच्या बऱ्याच पेशंटमध्ये शोधले. ते उंदरांना दिले तर त्यांनाही फॅटी लिव्हर झालं. (पोलिसांनी अडवल्यावर "माझ्या जंतूंनी केली" असं सांगू नका. तेवढी चढेल इतकं अल्कोहोल आतड्यात तयार होणं हा अतिशय दुर्मिळ आजार आहे.)

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. "ह्यांनाच का?"

२०१६ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने जवळपास हाच प्रश्न उंदरांना विचारला. दोन प्रकारचे पेशंट निवडले, दोघांनाही दारूचं व्यसन. एकाला दारूमुळे लिव्हरला गंभीर सूज आलेली, दुसऱ्याला ती नाही. त्यांच्या शौचातले जंतू जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात वसवले आणि मग दोन्ही गटांना सारखीच दारू दिली. गंभीर पेशंटचे जंतू मिळालेल्या उंदरांच्या लिव्हरला जास्त सूज आली, आतडं जास्त झिरपलं. उंदीर तेच, दारू तीच, फक्त पोटातले भाडेकरू वेगळे. दोन भावांची गोष्ट पिंजऱ्यात घडवून दाखवावी तशीच ही झाली.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्न्ड श्नाबल यांच्या गटाने एका भाडेकरूचं नाव आणि हत्यारही सांगितलं. एन्टेरोकॉकस फीकॅलिस या जंतूच्या काही वाणांकडे सायटोलायसिन नावाचं, पेशींना भोकं पाडणारं विष असतं. दारूमुळे लिव्हरला तीव्र सूज आलेल्या ज्या पेशंटच्या शौचात हे विष बनवणारे जंतू होते, त्यांतले ८९ टक्के १८० दिवसांत दगावले. ज्यांच्यात नव्हते, त्यांतले ४ टक्क्यांहूनही कमी. अभ्यास लहान होता, पण आकडे अंगावर येतात. मग या गटाने सांडपाण्यातून फक्त याच जंतूला मारणारे विषाणू, म्हणजे फाज, गाळून काढले. पेशंटचे जंतू वसवलेल्या उंदरांना ते दिले, आणि दारूमुळे होणारी लिव्हरची इजा कमी झाली. सांडपाण्यातून औषध हे ऐकून नाक मुरडू नका. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच लिहिलं होतं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मारणारं काहीतरी आहे. ते फाजच असावेत असं पुढे अनेकांना वाटलं.

आपल्या देशातही यावर महत्त्वाचं काम झालं आहे. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेसमध्ये, दारूमुळे लिव्हरला गंभीर सूज आलेल्या आणि स्टेरॉइड देता येत नाही अशा ८ पेशंटना निरोगी माणसाच्या शौचातले जंतू नळीवाटे दिले गेले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एक वर्षानंतर त्यांतले ७ जण जिवंत होते, जेव्हा आधीच्या तशाच पेशंटमध्ये हे प्रमाण एकतृतीयांश होतं. आठ ही संख्या फार लहान आहे, तिच्यावर उपचाराची इमारत उभी राहत नाही. आणि उंदरांत जे जमलं ते माणसांत जमेलच असंही नाही. २०२३ मध्ये फ्रान्समधून मोठी चाचणी आली. अशाच गंभीर पेशंटना स्टेरॉइडसोबत अँटिबायोटिक दिलं, पण दोन महिन्यांनी जिवंत राहण्याचं प्रमाण काही लक्षणीय वाढलं नाही. थर्मन यांच्या उंदरांना दारू आणि अँटिबायोटिक सोबतच सुरू केलं होतं. आपला पेशंट वीस वर्षं पिऊन येतो.

हे सगळं मी त्या दिवशी ओपीडीत सांगितलं नाही, तेवढा वेळ नव्हता आणि ती वेळही नव्हती. बाईंना एवढंच म्हणालो, की तुमच्या स्वयंपाकात काही कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही. कारण त्यांच्या प्रश्नामागे ते होतं. "चकण्यावर भागवतो" हे ऐकताना त्यांची मान खाली गेली होती. सासरी त्यांना किती वेळा ऐकवलं गेलं असेल याचा अंदाज करता येतो.

थोरल्याने निघताना विचारलं, "मग माझ्या पोटातले जंतू चांगले आहेत म्हणायचे का? तपासून मिळतात का ते? नाहीतर ते दह्याचे कॅप्सूल सुरू करू का?" बाजारात शौचाचे नमुने घेऊन जंतूंचे रंगीत तक्ते देणाऱ्या तपासण्या आहेत. पण 'तुम्हाला दारू चालेल की नाही' हे सांगणारी खात्रीची तपासणी आज एकही नाही. प्रोबायोटिक कॅप्सूल घेऊन दारू चालू ठेवली तर लिव्हर वाचतं, याचाही पुरावा नाही. ज्याचा पुरावा आहे ते साधं आहे. बेल्जियममध्ये २०१४ साली व्यसनमुक्तीसाठी भरती झालेल्या लोकांची आतडी तपासली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांचं आतडं झिरपत होतं. दारू बंद केल्यावर तीन आठवड्यांत ते बहुतांशी पूर्ववत झालं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं मिळतात.

धाकट्याला मी त्याच दिवशी लिव्हरच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. पोटातलं पाणी काढलं, दारू बंद आहे, कावीळ उतरते आहे. पुढचं अजून सांगता येत नाही.

थोरल्याची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या मीच करायला लावल्या. "मला काही होत नाही" म्हणत तो आला होता. रिपोर्टमध्ये लिव्हर मोठं झालेलं, चरबी दुसऱ्या ग्रेडची, एन्झाइम्स अडीचपट. रिपोर्ट हातात घेऊन तो बराच वेळ बसून होता. मग म्हणाला, "जेवण तर व्यवस्थित होतं माझं." पुढच्या गुरुवारी तो व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना भेटायला जाणार आहे, भावजय सोबत जाते म्हणाली आहे.